स्वीडनचं स्वच्छ डिझेल आणि झिजलेले पंप: दोन नॅनोमीटरच्या थराचं एक प्रकरण

तेलात टाकलेली सर्फॅक्टंट प्रकारची ॲडिटिव्हज धातूवर कशी चिकटतात हे पुस्तकात वाचायला गेलं की डोकं-शेपटीवाल्या रेणूंची रांगेत उभी असलेली एक आकृती मिळते आणि विषय संपतो. पण तो थर नसला की नेमकं काय होतं, आणि परत आणायचा म्हटलं तर काय काय अडचणी येतात, हे बघायचं असेल तर माझ्या मते स्वीडनच्या डिझेलचं १९९१ चं प्रकरण सगळ्यात चांगलं आहे, कारण तिथे एका अख्ख्या देशाने हा थर नकळत काढून टाकला होता.

झालं असं की शहरांतली हवा सुधारावी म्हणून स्वीडनने १९९१ मध्ये डिझेलचे पर्यावरणीय वर्ग पाडले आणि जेवढं इंधन स्वच्छ तेवढा टॅक्स कमी अशी सवलत दिली. सगळ्यात वरच्या वर्गाला, म्हणजे तिथे ज्याला एमके-१ म्हणतात त्याला, सल्फर जास्तीत जास्त १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा, आणि ॲरोमॅटिक्स, म्हणजे बेंझिनसारखं वलय असलेले रेणू, ५ टक्के अशी मर्यादा होती. हे आकडे त्या काळासाठी किती कडक होते बघा, युरोपियन समुदायात १९९४ च्या ऑक्टोबरपासून ०.२ टक्के म्हणजे २००० पीपीएम सल्फरची मर्यादा आली आणि १९९६ च्या ऑक्टोबरपासून ५०० पीपीएमची, आणि आपल्याकडे १० पीपीएमचं बीएस-६ डिझेल देशभर यायला १ एप्रिल २०२० उजाडलं. टॅक्सची सवलत चांगली असल्याने रिफायनऱ्यांनी हे इंधन पटापट बाजारात आणलं आणि काही वर्षांत स्वीडनमधलं बहुतेक सगळं डिझेल याच वर्गाचं झालं. हवेच्या बाजूने बघितलं तर निर्णय बरोबरच होता, हे आधीच सांगतो, कारण पुढची गोष्ट वाचून "बघा, जुनं डिझेलच बरं होतं" असा अर्थ कोणी काढू नये.

पण थोड्याच काळात डिझेल कार आणि हलक्या व्हॅन गॅरेजमध्ये येऊ लागल्या. आयडलिंग वरखाली होतंय, गरम इंजिन परत स्टार्ट होत नाही, पिकअप गेला, आणि इंजिनाला दाबाने डिझेल देणारा इंजेक्शन पंप उघडला की आत कॅम आणि रोलर घासलेले, पंपाच्या पात्यांच्या कडा झिजलेल्या, आणि सगळीकडे बारीक धातूची पूड. काही पंप तर काही हजार किलोमीटरमध्येच गेले, जे एरवी इंजिनाच्या आयुष्याबरोबर चालायचे.

यात एक गोष्ट सुरुवातीपासून डोळ्यात भरण्यासारखी होती, ती म्हणजे जड ट्रकचे पंप बऱ्यापैकी सुखरूप होते आणि कारचे जात होते. इंधन दोघांचं तेच. फरक पंपाच्या जातीत. जड इंजिनांवर बहुतेक इनलाइन पंप असायचे, त्यांच्या कॅमशाफ्टला इंजिन ऑइलचं वंगण मिळतं, डिझेल लागतं ते फक्त प्लंजरच्या भागाला. कारवर असायचे रोटरी डिस्ट्रिब्यूटर पंप, लहान, हलके, स्वस्त, आणि त्यांचं आतलं सगळंच, कॅम प्लेट, रोलर, पाती, गव्हर्नर, डिझेलमध्येच बुडालेलं. म्हणजे या पंपांसाठी डिझेल हे इंधन तर होतंच पण तेच एकमेव वंगणही होतं, आणि ही दुसरी नोकरी डिझेल इतकी वर्षं गुपचूप करत होतं, कुठल्याही स्टँडर्डमध्ये ती लिहिलेली नव्हती.

पहिला संशय पातळपणावर गेला आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. एमके-१ हे हलकं इंधन आहे, ९५ टक्के भाग २८५ अंशाच्या आत उकळून येतो, घनता ८०० ते ८२० किलो प्रति घनमीटर, म्हणजे जवळजवळ केरोसीनकडे झुकलेलं. पातळ द्रव दोन पृष्ठभागांमध्ये जाड फिल्म धरू शकत नाही हे खरंच. पण नुसत्या व्हिस्कॉसिटीने हिशोब लागत नव्हता, कारण साधारण सारख्याच व्हिस्कॉसिटीची दोन इंधनं घेतली तरी एकात झीज भरपूर आणि दुसऱ्यात अगदी कमी असं दिसायचं. रोलर आणि कॅमच्या स्पर्शात, विशेषतः कमी वेगाला, डिझेलसारख्या पातळ द्रवाची फिल्म तशीही तुटलेलीच असते, तिथे धातूची टोकं धातूच्या टोकांना भिडतात, आणि तिथून पुढे कारभार द्रवाच्या जाडीचा राहत नाही, तो पृष्ठभागावर कोणते रेणू बसलेत त्याचा होतो.

दुसरा संशय सल्फरवर गेला, आणि हा गैरसमज आजही इतका घट्ट आहे की ट्रकवाल्यांपासून चांगल्या चांगल्या मेकॅनिकपर्यंत सगळे सांगतात की सल्फर काढला म्हणून डिझेल कोरडं झालं. वरवर पटतंही, कारण सल्फर कमी केला आणि पंप गेले. पण डिझेलमध्ये नैसर्गिकपणे असतो तो सल्फर बहुतांश थायोफीनसारख्या वलयांमध्ये गुंतलेला असतो आणि ते रेणू साध्या पंपाच्या तापमानाला पोलादावर फार जोमाने चिकटणारे नाहीत. गियर ऑइलमध्ये जी सल्फरची ईपी, म्हणजे फार जास्त दाबाखाली कामाला येणारी, ॲडिटिव्हज टाकतात ती वेगळी, मुद्दाम सहज तुटतील अशी बनवलेली असतात, त्यामुळे दोन्हीत नावाचा सल्फर असला तरी त्यांची गल्लत करू नये.

खरं काय होतं ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या वेई आणि स्पाइक्स या दोघांनी १९८६ मध्येच, म्हणजे स्वीडनच्या पाच वर्षं आधी, डिझेलच्या वंगणक्षमतेवरच्या अभ्यासात दाखवलं होतं, की झीज रोखण्याचं काम डिझेलमधल्या अत्यल्प प्रमाणातल्या ध्रुवीय, म्हणजे विद्युतभार असमान वाटलेल्या, अशुद्धी करतात, विशेषतः ऑक्सिजन असलेले रेणू, आणि थोडाफार हातभार जड बहुवलयी ॲरोमॅटिक्सचा. आता सल्फर काढायची पद्धत आठवा. हायड्रोट्रीटिंगमध्ये डिझेल तीनशे-साडेतीनशे अंशाच्या आसपास, चांगल्या दाबाखाली, हायड्रोजनबरोबर कोबाल्ट-मॉलिब्डेनम किंवा निकेल-मॉलिब्डेनमच्या कॅटॅलिस्टवरून नेतात. हा कॅटॅलिस्ट सल्फर तोडतो, पण त्याला सल्फर तेवढाच ओळखता येतो असं नाही, नायट्रोजन आणि ऑक्सिजनवालेही रेणू तो फोडतो, आणि एमके-१ साठी तर ॲरोमॅटिक्सही ५ टक्क्यांवर आणायचे म्हणून प्रक्रिया अजून कडक. म्हणजे सल्फर गेला तो दिसला, त्याच्याबरोबर चिकट स्वभावाचे सगळे रेणू गेले ते कोणाच्या रिपोर्टमध्ये दिसलेच नाहीत, कारण ते कोणी मोजतच नव्हतं.

याची पूर्वसूचना तर विमानांच्या दुनियेत पंचवीस वर्षं आधीच मिळालेली होती. अमेरिकन हवाई दलाने १९६५ मध्ये त्यांच्या जेपी-४ या जेट इंधनातून गंजरोधक ॲडिटिव्ह काढून टाकलं, आणि मग फ्युएल कंट्रोल, म्हणजे इंजिनाला इंधन मोजून देणारी यंत्रं, अडकू लागले, तेव्हा १९६६ मध्ये ते परत टाकावं लागलं. गंज थांबवायला टाकलेला रेणू धातूवर थर करून बसतो, आणि तोच थर घर्षणातही आड येतो, म्हणजे एकाच कृतीचे दोन फायदे मिळत होते आणि एक काढला तेव्हा दुसरा कळला. १९९०-९१ च्या आखाती युद्धात अमेरिकन लष्कराने सौदी अरेबियात डिझेल गाड्यांना जेट इंधन घातलं तेव्हाही रोटरी पंपांनीच आधी मान टाकली. हे सगळं माहीत असलेले लोक होते, पण ते विमानवाले होते आणि टॅक्सचा कायदा करणारे वेगळे, आणि या दोन टेबलांमध्ये कोणी चालत गेलं नाही याचं मला अजूनही फार वाईट वाटतं.

आता मूळ मुद्दा, चिकटणं. पोलादाचा पृष्ठभाग म्हणजे उघडं लोखंड नव्हे हे आधी डोक्यात पक्कं करा. हवेत आलेल्या पोलादावर लगेच काही नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर असतो, त्याच्या वरच्या टोकांना हायड्रॉक्सिल गट असतात आणि त्यावर हवेतलं पाणीही बसलेलं असतं. म्हणजे तेलाच्या बाजूने बघितलं तर धातू हा ध्रुवीय पृष्ठभाग आहे आणि डिझेल हा अध्रुवीय द्रव. मधे जर असा रेणू आला ज्याचं एक टोक ध्रुवीय, समजा कार्बोक्झिलिक ॲसिडचं, आणि मागे सतरा कार्बनची हायड्रोकार्बन साखळी, तर त्याला तेलात फिरण्यापेक्षा सीमेवर राहणं ऊर्जेच्या दृष्टीने स्वस्त पडतं. डोकं ऑक्साइडला लागतं, शेपूट तेलाकडे. यालाच अधिशोषण म्हणतात, पृष्ठभागावर बसणं, आत मुरणं नाही.

बसण्याचेही प्रकार आहेत. नुसतं हायड्रोजन बंध आणि दुर्बळ आकर्षणाने टेकलं तर ते भौतिक अधिशोषण, तापमान वाढलं की सुटतं. ॲसिडने ऑक्साइडशी अभिक्रिया करून लोहाचा साबण, म्हणजे त्या ॲसिडचा लोहक्षार, तयार केला तर ते रासायनिक, आणि ते बरंच टिकाऊ. केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांच्या प्रयोगांत हे फार सुंदर दिसतं, फॅटी ॲसिड, म्हणजे असं लांब साखळीचं ॲसिड, तांबं, जस्त, कॅडमियम अशा अभिक्रियाशील धातूंवर घर्षण छान उतरवतं आणि प्लॅटिनम, चांदी अशांवर तेच ॲसिड फारसं काही करू शकत नाही, कारण तिथे साबण होतच नाही. आणि अभिक्रियाशील धातूवरचा थर ॲसिडच्या स्वतःच्या वितळण्याच्या तापमानाच्या पन्नास ते सत्तर अंश वरपर्यंत टिकतो, म्हणजे टिकतो तो साबण, मूळ ॲसिड नव्हे.

त्याही आधी १९१८ च्या सुमारास साउथकोम्ब आणि वेल्स यांनी खनिज तेलात एक-दोन टक्के फॅटी ॲसिड मिसळून दाखवलं होतं की एवढ्याशा भागाने वनस्पती तेलासारखी निसरड येते. आपल्याकडे यंत्रांना एरंडेल का घालायचे याचाही अर्धा खुलासा यातच आहे. मग हार्डी, जे मूळचे जीवशास्त्रज्ञ, त्यांनी आयडा डबलडे यांच्याबरोबर १९२२ मध्ये दाखवलं की साखळी जितकी लांब तितकं घर्षण पद्धतशीर कमी होत जातं, आणि 'बाउंडरी ल्युब्रिकेशन', म्हणजे द्रवाची फिल्म तुटल्यावर पृष्ठभागावरच्या रेणूंनी होणारं वंगण, ही संकल्पना तिथून रुजली. लांब साखळ्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या की एकमेकींना धरून ठेवतात, आखूड साखळ्यांना ते जमत नाही, म्हणून अठरा कार्बनवाले रेणू कामाचे आणि ॲसेटिक ॲसिडसारखे आखूड निव्वळ गंजवणारे.

आता एक हिशोब करू, मला हा हिशोब फार आवडतो. घट्ट बसलेल्या स्टिअरिक ॲसिडच्या, म्हणजे अठरा कार्बनच्या फॅटी ॲसिडच्या, एका रेणूला पृष्ठभागावर साधारण ०.२ वर्ग नॅनोमीटर जागा लागते. म्हणजे एक चौरस मीटर सपाट पोलाद झाकायला ५ वर अठरा शून्य इतके रेणू, वजनात साधारण २.४ मिलिग्रॅम. डिझेलमध्ये १०० पीपीएम ॲडिटिव्ह घातलं तर एका लिटरमध्ये ते सुमारे ८० मिलिग्रॅम होतं, म्हणजे एक लिटर डिझेलमधला माल तीस-पस्तीस चौरस मीटर धातू झाकायला पुरेल. पंपाच्या आतला घासणारा भाग किती असेल, तळहाताएवढा धरा. ५० लिटरच्या टाकीत हे ॲडिटिव्ह जेमतेम चार ग्रॅम, तरी गरजेच्या कितीतरी पट.

आणि हा थर किती जाड, तर दोन नॅनोमीटरच्या आसपास, रेणू सरळ उभा असला तर अडीच, कलला तर कमी. पंपाचा चांगला फिनिश केलेला पृष्ठभागसुद्धा पन्नास-शंभर नॅनोमीटरने खडबडीत असतो, म्हणजे थर खडबडीतपणाच्या कित्येक पट पातळ. मग तो उपयोगी कसा? कारण स्पर्श फक्त उंचवट्यांच्या टोकांवर होतो आणि थर दऱ्या भरायच्या भानगडीत पडत नाही, तो टोकांनाही तेवढाच झाकतो. टोकं भिडली की धातू-धातू जोडला जाण्याऐवजी शेपटीवर शेपूट सरकते. हे वाचून कोणाला वाटेल की रेणूची एक रांग एवढा भार कशी पेलेल, तर ती एकटी भार पेलत नाही, खालचं पोलाद भार पेलतं, रांग फक्त दोन टोकांना वेल्ड होऊ देत नाही.

मग प्रश्न येतो की एवढं कमी पुरतं तर १०० किंवा २०० पीपीएम कशाला, ५ पीपीएम घाला. इथे बरेच लोक चुकतात कारण ते रंगकामासारखा हिशोब करतात, एकदा लावलं की लागलं. अधिशोषण ही चालू देवघेव आहे, रेणू बसतात आणि उठतात, आणि किती टक्के जागा भरलेली राहील हे तेलातल्या प्रमाणावर आणि तापमानावर ठरतं. लँगम्यूरने शंभर वर्षांपूर्वी याचं साधं समीकरण दिलं, प्रमाण कमी असताना व्याप्ती जवळपास त्याच प्रमाणात वाढते, मग आलेख वळतो आणि शेवटी सपाट होतो. अगदी कमी डोसला व्याप्ती अर्धवट राहते, आणि अर्धवट थर म्हणजे साखळ्या विरळ, एकमेकींना न धरणाऱ्या. दुसरं म्हणजे घासताना थर खरवडला जातो, ऑक्साइडसकट, आणि खालून ताजं लोखंड उघडं पडतं, पुढचा रोलर यायच्या आत ती जागा परत भरायला हवी, हा वेळ मिलिसेकंदांचा असतो, आणि भरण्याचा वेग परत तेलातल्या प्रमाणावर. म्हणून डोस हा झाकायच्या क्षेत्रफळावरून ठरत नाही, परत भरण्याच्या घाईवरून ठरतो. याच समीकरणामुळे वरच्या बाजूला जास्त घालूनही फायदा नाही, आलेख सपाट झाल्यावर ४०० पीपीएम घातलं काय आणि ८०० घातलं काय, झीज तेवढीच, त्रास मात्र वाढतो. त्रासाचं पुढे सांगतो.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे जागेसाठीची स्पर्धा. पृष्ठभागाच्या जागा मोजक्या आहेत आणि त्या फक्त तुमच्या लाडक्या रेणूसाठी राखीव नाहीत. एसटीच्या खिडकीतून आधी रुमाल टाकला त्याची सीट हे इथेही चालतं, पण इथे मागून जास्त जोरकस कोणी आला तर तो रुमालासकट आधीच्याला उठवतो. इंधनात इंजेक्टर साफ ठेवणारं डिटर्जंट असतं, तेही सर्फॅक्टंट, अमाइनचं डोकं घेऊन येतं. गंजरोधक असतं, तेही सर्फॅक्टंट. विरघळलेलं पाणी असतं, ते लहान पण ऑक्साइडला फार प्रिय. इंजिन ऑइलमध्ये तर हा बाजार अजून भरलेला, झीज रोखणारं झेडडीडीपी, कॅल्शियम डिटर्जंट, काजळी तरंगत ठेवणारं डिस्पर्संट, घर्षण कमी करणारं ग्लिसरॉल मोनोओलिएट, सगळे त्याच पोलादावर. बेस ऑइल, म्हणजे ॲडिटिव्ह घालण्याआधीचं मूळ तेल, स्वतः एस्टर (ॲसिड आणि अल्कोहोल जोडून झालेलं संयुग) असेल तर तेही थोडं ध्रुवीय, मग तेच जागा अडवतं, आणि एका तेलात छान चाललेलं ॲडिटिव्ह दुसऱ्यात का चालत नाही याचं उत्तर बऱ्याचदा इथेच सापडतं. याच कारणाने स्वीडनचं एमके-१ एका अर्थी सोपं होतं, ते इतकं धुतलेलं होतं की त्यात स्पर्धकच नव्हते, थोड्याशा ॲसिडलाही जागा मोकळी.

उपायही तसाच निघाला. फॅटी ॲसिड, त्याचे एस्टर किंवा अमाइड, पन्नास ते दोनशे पीपीएमच्या घरात. ॲसिडमध्ये सगळ्यात चाललं ते टॉल ऑइल फॅटी ॲसिड, म्हणजे पाइनच्या लाकडाचा कागदासाठी लगदा करताना निघणारा जोडमाल, मुख्यतः ओलेइक आणि लिनोलेइक ॲसिडचं मिश्रण. पाइनची जंगलं आणि लगद्याच्या गिरण्या स्वीडन-फिनलंडमध्ये भरपूर, त्यामुळे औषध घरातच होतं. ओलेइकच्या साखळीत मधे एक वाक असतो म्हणून ते स्टिअरिकएवढं घट्ट रचून बसत नाही, थर थोडा ढिला होतो, पण त्याच वाकामुळे ते थंडीत गोठून फिल्टरमध्ये बसत नाही, आणि स्वीडनच्या हिवाळ्यात हा मुद्दा थराच्या घट्टपणाहून मोठा आहे. इंजिनिअरिंगमध्ये अशी निवड मला नेहमी बरोबर वाटते, प्रयोगशाळेत उत्तम ते रस्त्यावर उत्तम असेलच असं नाही.

पण घातलेलं ॲडिटिव्ह काम करतंय हे मोजायचं कसं? यासाठी एचएफआरआर नावाची टेस्ट पुढे आली, ६ मिलिमीटरची पोलादी गोळी, २०० ग्रॅमचा भार, एक मिलिमीटर मागेपुढे, सेकंदाला ५० वेळा, ७५ मिनिटं, ६० अंशाच्या डिझेलमध्ये, आणि शेवटी गोळीवर पडलेल्या डागाचा व्यास मायक्रोस्कोपखाली मोजायचा. १९९७ मध्ये हिचं आयएसओ १२१५६-१ स्टँडर्ड झालं आणि युरोपच्या डिझेल स्टँडर्डमध्ये ४६० मायक्रॉनची मर्यादा आली, अमेरिकेने २००५ पासून ५२० घेतली. ॲडिटिव्ह न घातलेलं एमके-१ साधारण ६०० मायक्रॉनच्या वर जातं. या टेस्टमधली एक बारकी गोष्ट सांगतो, हवेतल्या बाष्पाने निकाल हलतो म्हणून मूळ स्टँडर्डमध्ये डागाचा व्यास ठराविक बाष्पदाबाला दुरुस्त करून द्यायचे. पाणी पृष्ठभागावर जागा अडवतं आणि झिजेची रसायनशास्त्रीय वाटच बदलतं, हे मगाशी म्हटलं, तेच इथे आकड्यात येतं.

आता त्रास. जो रेणू पोलादाला चिकटतो तो बाकीच्यांनाही चिकटतो, त्याला पंप कुठला आणि बाकीचं जग कुठलं हे कळत नाही. पहिली तक्रार फिल्टर तुंबण्याची. ज्या पंपांना इंजिन ऑइलचं वंगण असतं तिथून थोडं ऑइल डिझेलमध्ये गळतं, त्या ऑइलमध्ये अल्कली कॅल्शियम डिटर्जंट असतं, आणि ॲसिड प्रकारचं ॲडिटिव्ह जास्त घातलेलं असेल तर दोघं मिळून कॅल्शियमचा साबण करतात, डिझेलमध्ये न विरघळणारा चिकट गोळा. तेव्हापासून ॲडिटिव्हसाठी "इंजिन ऑइलबरोबर भांडत नाही ना" अशी वेगळी टेस्ट लावायची प्रथा पडली आणि काही रिफायनऱ्या एस्टरकडे वळल्या, जे जरा जास्त डोसला काम करतात पण साबण करत नाहीत. पुढे कॉमन रेल पद्धतीचे, म्हणजे एकाच जास्त दाबाच्या नळीतून इंधन घेणारे, इंजेक्टर आले, आतल्या फटी काही मायक्रॉनच्या, तिथे सोडियमचे साबण सापडू लागले, सोडियम वाटेतल्या खाऱ्या पाण्यातून किंवा रिफायनरीच्या कॉस्टिकमधून आणि ॲसिड गंजरोधकातून, इंजेक्टरची सुई जाम.

दुसरी गोष्ट पाइपलाइनची. रिफायनरीतच ॲडिटिव्ह घालून डिझेल लांबच्या पाइपलाइनने पाठवलं तर वाटेत शेकडो किलोमीटर पोलादी भिंत आहे, रेणू तिथेही बसतात, आणि मागून त्याच पाइपमधून जेट फ्युएल आलं की थोडे थोडे सुटून त्यात उतरतात. जेट इंधनात सर्फॅक्टंट म्हणजे मोठा धोका, कारण विमानाचं इंधन पाण्यापासून वेगळं करणारे फिल्टर सर्फॅक्टंटमुळे निकामी होतात, पाण्याचे थेंब एकत्र यायचे थांबतात. बायोडिझेलच्या मिथाइल एस्टरबद्दल तर ही भीती इतकी की जेटमध्ये आधी फक्त ५ पीपीएम चालायचे, पुढे भरपूर तपासण्या करून ५० केले. म्हणून ज्या पाइपलाइनमधून विमानाचंही इंधन जातं तिथे वंगणाचं ॲडिटिव्ह शेवटच्या टर्मिनलला, टँकर भरताना घालायचा रिवाज आहे. अधिशोषणाचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरा माहीत नाही, रेणू रिफायनरीत घातला आणि विमानतळाच्या टाकीत उगवला.

आपल्याकडे हे प्रकरण तुलनेने शांत गेलं, कारण स्वीडनने आणि त्यानंतर १९९३ मध्ये असंच स्वच्छ डिझेल आणताना कॅलिफोर्नियाने जे भोगलं ते सगळ्यांना माहीत झालेलं होतं. बीएस-६ च्या डिझेल स्टँडर्डमध्ये १० पीपीएम सल्फरबरोबर एचएफआरआर ४६० मायक्रॉनची मर्यादाही आहे, म्हणजे पेट्रोल पंपावर मिळणारं डिझेल रिफायनरीने कडक हायड्रोट्रीट केलेलं असलं तरी त्यात वंगणाचा बंदोबस्त करूनच बाहेर पडायला हवं, मग ते माहुल-ट्रॉम्बेच्या रिफायनरीतून निघो नाहीतर दुसरीकडून.

तरी डिझेलमध्ये टूटी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक स्कूटरचं इंजिन ऑइल, घालायची सवय आपल्याकडे अजून जोरात आहे, विशेषतः जुन्या गाड्यावाल्यांमध्ये, आणि कारण तेच देतात, सल्फर काढल्याने डिझेल कोरडं झालं. माझं मत स्पष्ट आहे, घालू नका. टूटी ऑइल हे बहुतांश बेस ऑइल, त्यात ज्वलनासाठी आणि स्कूटरच्या पिस्टनसाठी निवडलेली डिटर्जंट. पृष्ठभागावरच्या जागा भरायला जो रेणू हवा तो त्यात मुख्य घटक म्हणून नाही, उलट डिटर्जंट ज्या जागा घेईल त्या आधीच्या योग्य रेणूकडूनच घेईल. व्हिस्कॉसिटी थोडी वाढेल, पण मगाशी बघितलं की बाउंडरी स्थितीत तिचं फारसं चालत नाही. खरंच जास्त वंगण हवं असेल तर एक-दोन टक्के बायोडिझेलसुद्धा एचएफआरआरचा डाग चांगला खाली आणतं, कारण तो एस्टरच आहे.

कॉमन रेलमुळे हा विषय जुना झालेला नाही, उलट आता पंपाचा दाब २००० बारच्या वर आणि कारचे जवळजवळ सगळे हाय-प्रेशर पंप डिझेलवरच जगणारे. काही प्लंजरवर डायमंडसारख्या कार्बनचं कोटिंग असतं, तिथे लोहाचा ऑक्साइडच नाही, मग पोलादासाठी निवडलेलं ॲसिड तिथे तेवढ्या जोमाने बसेल असं गृहीत धरता येत नाही, आणि माझ्या मते पुढची दहा वर्षं खरं काम इथेच आहे. गाडी उत्पादकांच्या जागतिक इंधन सनदेत वरच्या श्रेणींसाठी ४०० मायक्रॉनची मागणी आहे ती उगाच नाही.

आणि गॅरेजमध्ये आज एखादा पंप झिजलेला आलाच तर आधी टाकीच्या तळाचा नमुना काढा, काचेच्या स्वच्छ बाटलीत, प्लास्टिकच्या जुन्या डब्यात नको, कारण डब्यातल्या आधीच्या ऑइलमध्येही सर्फॅक्टंट असतात आणि ते तुमचा निकाल सुधारून दाखवतील. बाटली तासभर उभी ठेवून तळाला पाणी बसतं का बघा, पाणी दिसलं तर वंगणाची चर्चा नंतर, आधी पाणी कुठून आलं ते शोधा. पाणी नसेल तर तोच नमुना लॅबला एचएफआरआरसाठी द्या आणि बरोबर तुम्ही डिझेल भरता त्या पेट्रोल पंपाचा ताजा नमुनाही द्या. दोन्ही ४६० च्या आत आले तर इंधनाला दोष देणं सोडून पंपात हवा कुठून शिरतेय, फिल्टर कुठल्या दर्जाचा लावलाय, हे बघायला लागायचं. ताज्याचा डाग लहान आणि टाकीतल्याचा मोठा आला तर टाकीत काय मिसळलं गेलं ते मालकाला नीट, न रागावता विचारायचं, केरोसीन मिसळलेलं असेल तर बहुतेक तिथेच कळतं.